दवाखान्याआधीचे आरोग्य

सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा रुग्णालयांपासून सुरू होते आणि रुग्णालयांपाशीच संपते. खाटा किती आहेत, डॉक्टर किती आहेत, औषधांचा पुरवठा का थांबला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु माणूस आजारी होऊन रुग्णालयाच्या दारात पोचतो तोवर आरोग्यव्यवस्थेचे एक मोठे काम करावयाचे राहून गेलेले असते. पाणी, सांडपाणी, घर, हवा, दूध आणि लसीकरण यांची नीट व्यवस्था लावणे, हे ते काम. ते कोणी करावयाचे, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा आणि ते झाले नाही तर जाब कोणाला विचारावयाचा, हा सार्वजनिक आरोग्याचा मूळ प्रश्न आहे. त्याचा विचार करताना लंडनमधील एका लहानशा नगरविभागाचा विसाव्या शतकाच्या मध्यावरचा इतिहास उद्बोधक ठरतो. त्या नगरविभागाचे नाव फिन्सबरी.

हिंदी राजकारणाच्या अभ्यासकांना हे नाव अपरिचित नाही. मुंबई महापालिकेचे सदस्य राहिलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले ते याच भागातील सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून. पुढे सुमारे साडेचार दशकांनी आणखी एका भारतीयाचे नाव फिन्सबरीशी जोडले गेले. ते मात्र राजकारणाच्या इतिहासापेक्षा आरोग्याच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदले जावे असे आहे.

एक चौरस मैलाचा संसार

१८९९ च्या कायद्याने लंडन काउंटीत, 'सिटी'चा जुना भाग वगळून, २८ बरो निर्माण करण्यात आल्या. बरो म्हणजे स्वतःची निवडून आलेली परिषद, स्वतःची करआकारणी आणि स्वतःचा आरोग्याधिकारी असलेला नगरविभाग. या सर्वांच्या वर लंडन काउंटी कौन्सिल ही सबंध महानगराची संस्था होती. अशा बरोंपैकी फिन्सबरी ही आकाराने अगदी लहान, एक चौरस मैलाहूनही कमी क्षेत्राची. घड्याळे, दागिने आणि छपाई यांच्या कारखान्यांची ही वस्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे एक लाख माणसे राहत होती आणि १९३१ मध्येही हा आकडा सत्तर हजारांच्या आसपास होता.

एकेकाळी मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी बांधलेल्या घरांत खोलीगणिक एक कुटुंब, अनेक कुटुंबांत एक नळ आणि एक शौचकूप, दमट तळघरांतही बिऱ्हाडे, असे तेथील राहणीचे स्वरूप होते. लंडनला सतराव्या शतकापासून पाणी पुरविणाऱ्या 'न्यू रिव्हर' या कालव्याचे टोक याच भागात होते आणि पुढे सबंध महानगराच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य कार्यालयही तेथेच उभे राहिले. म्हणजे शहराचे पाणी ज्या वस्तीच्या दारात येऊन पोचत होते, त्या वस्तीतील भाडेकरूला आपल्या खोलीत नळ नव्हता. शहरात पाणी असणे आणि गरिबाच्या घरात पाणी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

अशा दाटीची मोजदाद कायद्याने कशी केली, तेही पाहण्याजोगे आहे. १९३५ च्या गृहनिर्माण कायद्याने 'अतिगर्दी'ची व्याख्या प्रथमच ठरविली. परंतु त्या व्याख्येत बसण्याउठण्याची खोलीही झोपण्याची जागा म्हणून धरली जाई, दहा वर्षांखालील मूल अर्धे मोजले जाई आणि वर्षाच्या आतील अर्भक मुळीच मोजले जात नसे. इतकी सैल फूटपट्टी लावूनही फिन्सबरी, शोअरडिच, स्टेपनी यांसारख्या भागांत मोठ्या संख्येने कुटुंबे अतिगर्दीत राहत असल्याचे आढळले. कोणत्याही निर्देशांकाकडे पाहताना प्रथम त्याची व्याख्या पाहावी, हा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळणारा पहिला धडा येथे लागू पडतो.

आरोग्याधिकाऱ्याचे स्थान

या परिस्थितीशी झुंजण्याचे काम ज्याच्याकडे होते तो बरोचा आरोग्याधिकारी. लंडनच्या स्थानिक संस्थांनी असा अधिकारी नेमलाच पाहिजे, असे बंधन १८५५ च्या कायद्याने घातले होते. या पदाच्या रचनेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या होत्या. पहिली, तो वैद्यकीय पदवीधर असला तरी त्याचे मुख्य काम रुग्ण तपासण्याचे नव्हते. त्याने तपासावयाची ती वस्ती. दुसरी, त्याला नेमणारी परिषद त्याला मनास येईल तेव्हा काढून टाकू शकत नसे. त्यासाठी मध्यवर्ती खात्याची संमती लागत असे. परिषदेत घरमालकांचा आणि दुकानदारांचा भरणा असे, आणि आरोग्याधिकाऱ्याचा अहवाल नेमका त्यांच्याच घरांविरुद्ध व दुकानांविरुद्ध जाण्याचा संभव असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या तरतुदीचे मोल कळते. तिसरी, त्याने दरवर्षी अहवाल सादर करावयाचा असे आणि तो छापला जाई.

हे वार्षिक अहवाल आज वाचले तरी त्यांची शिस्त जाणवते. जन्म, मृत्यू, मृत्यूंची कारणे, बालमृत्यूंचे प्रमाण, साथींचे रुग्ण, तपासलेली घरे, बजावलेल्या नोटिसा, दुरुस्त झालेली गटारे, पकडलेली भेसळ, नष्ट केलेले खराब मांस, जंतुनाशक धुरी दिलेल्या खोल्या यांचे आकडे त्यांत ओळीने येतात. एखाद्या रस्त्यावरची मुले शेजारच्या रस्त्यावरच्या मुलांपेक्षा अधिक का मरतात, हा प्रश्न विचारण्यासाठी प्रथम ती किती मरतात हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक करून देणे आणि छापून सर्वांसमोर ठेवणे, हेच या अहवालांचे सामर्थ्य होते.

फिन्सबरीचे पहिले आरोग्याधिकारी जॉर्ज न्यूमन यांचे उदाहरण बोलके आहे. १९०० पासून त्यांनी या बरोत काम केले. बालमृत्यू हा वैद्यकीय प्रश्न नसून सामाजिक प्रश्न आहे, अशी भूमिका मांडणारा ग्रंथ त्यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. आणि १९१९ मध्ये ब्रिटनचे आरोग्य मंत्रालय स्थापन झाले तेव्हा तेच त्याचे पहिले मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. एका दाट वस्तीतील गटारांचा आणि दुधाचा अनुभव अशा रीतीने राष्ट्राच्या धोरणापर्यंत पोचला.

आरोग्याधिकाऱ्याच्या हाताखाली आरोग्य निरीक्षक असत. घरोघर जाणे, ओल, गळती, तुंबलेली मोरी, उंदीर, ढेकूण यांची नोंद करणे, मालकाला नोटीस देणे आणि त्याने दाद दिली नाही तर त्याला न्यायाधीशापुढे उभे करणे, हे त्यांचे काम. एखाद्या भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने खोलीतील ढेकूण मारले तरी शेजारच्या खोलीतून ते पुन्हा येणार, हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून तो खर्च करीत नाही. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणा केला तर सर्वांची हानी होते, अशा ठिकाणी सार्वजनिक सत्तेने पुढे यावयाचे असते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण. दाट वस्तीत ढेकूण, क्षयाचे जंतू आणि सांडपाणी ही सर्वांच्या सामाईक मालकीची असतात.

पाइन स्ट्रीटवरील इमारत

१९३४ मध्ये फिन्सबरी परिषदेची सत्ता मजूर पक्षाकडे आली. निवडून आलेल्या सभासदांत डॉ. चुनीलाल कटियाल हे होते. पंजाबात जन्मलेले आणि लाहोरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले हे डॉक्टर पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत व्यवसाय करीत होते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले महात्मा गांधी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट त्यांच्याच घरी झाली होती. परिषदेच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी एक साधा पण दूरगामी विचार मांडला. क्षयाचा दवाखाना एका ठिकाणी, दातांचा दुसऱ्या ठिकाणी, प्रसूतीपूर्व तपासणी तिसऱ्या ठिकाणी आणि निर्जंतुकीकरणाचे केंद्र आणखी कोठे, असा विखुरलेला कारभार एकाच छताखाली आणावयाचा.

आरोग्यकेंद्राची कल्पना नवी नव्हती. लॉर्ड डॉसन यांच्या समितीने १९२० मध्येच ती सुचविली होती. परंतु मध्यवर्ती सरकारने पैशाअभावी ती बाजूस ठेवली. जे राष्ट्राला जमले नाही ते एका गरीब बरोने करून दाखविले. वास्तुविशारद बर्थोल्ड लुबेत्किन यांनी आखलेले फिन्सबरी आरोग्यकेंद्र ऑक्टोबर १९३८ मध्ये पाइन स्ट्रीटवर सुरू झाले. क्षयाची तपासणी, दंतचिकित्सा, पायांचे उपचार, स्त्रियांसाठी दवाखाना, मुलांसाठी कृत्रिम सूर्यप्रकाशाची खोली, व्याख्यानगृह, कपडे आणि बिछाने निर्जंतुक करण्याची सोय, इतकेच नव्हे तर घराला धुरी दिली जात असताना कुटुंबाला राहण्यासाठी खोल्या, हे सर्व त्यात होते. या शेवटच्या तरतुदीत योजकांची दृष्टी दिसते. घर निर्जंतुक करावयाचे तर त्या रात्री त्या घरातील माणसांनी कोठे झोपावे, हा प्रश्न गरिबांच्या संसाराची माहिती असल्याखेरीज सुचत नाही.

सामान्य माणसासाठी करावयाची कोणतीही गोष्ट गरजेपेक्षा अधिक चांगली झाली, असे होऊच शकत नाही, अशी लुबेत्किन यांची धारणा होती. काचेच्या विटांतून येणारा उजेड आणि गरजेप्रमाणे हलविता येणाऱ्या अंतर्गत भिंती यांत ती धारणा उतरली होती. १९३८-३९ साठी कटियाल फिन्सबरीचे महापौर झाले. दक्षिण आशियाई वंशाचे ते ब्रिटनमधील पहिले महापौर मानले जातात. पुढे युद्धकाळात अब्राम गेम्स यांनी एक भित्तिपत्रक काढले. त्यात या केंद्राचे चित्र होते आणि त्यामागे पडक्या भिंतींच्या सावलीत मुडदुसाने खंगलेला मुलगा. लढावयाचे ते कशासाठी, हे सांगणारे हे चित्र पंतप्रधान चर्चिल यांना रुचले नाही आणि ते मागे घेण्यात आले. जुने ब्रिटन इतके वाईट होते, हे सांगणे सत्तेला सोयीचे नव्हते.

पैसा कोठून आला?

या कामाचे कौतुक करताना त्यामागील अर्थव्यवहार विसरून चालणार नाही. बरोचे उत्पन्न प्रामुख्याने मालमत्तेच्या भाडेमूल्यावरील करातून येत असे. येथेच मूलभूत विसंगती होती. ज्या वस्तीत गरिबी अधिक, तेथे रोगराई अधिक आणि खर्चही अधिक. परंतु तेथेच मालमत्तेचे मूल्य कमी आणि म्हणून उत्पन्नही कमी. १९२१ च्या सुमारास एक पेनी दराने कर लावला तर वेस्टमिन्स्टरमध्ये ३१ हजारांहून अधिक पौंड जमत. पॉप्लरसारख्या गोदी कामगारांच्या बरोत तेवढ्याच दराने सुमारे ३,६०० पौंड मिळत. त्यावर्षी जॉर्ज लॅन्सबरी यांच्यासह पॉप्लरचे ३० नगरसेवक वरिष्ठ संस्थांचा कर भरण्यास नकार देऊन तुरुंगात गेले. त्यांचा आग्रह असा की, बेकारांच्या साहाय्याचा भार सबंध लंडनने समान रीतीने उचलावा. अखेरीस त्या दिशेने कायद्यात बदल करावा लागला.

वस्तुतः हे तत्त्व लंडनला अगदीच नवे नव्हते. १८६७ मध्ये गरिबांच्या साहाय्यासाठी महानगराचा सामाईक निधी निर्माण झाला होता आणि १८९४ च्या कायद्याने श्रीमंत विभागांच्या करातील काही भाग लोकसंख्येच्या प्रमाणात गरीब विभागांकडे वळविला जाऊ लागला होता. श्रीमंतांच्या वस्तीची साफसफाई करणारा, तेथील घरांत काम करणारा, तेथे माल पोचविणारा माणूस गरीब वस्तीत राहतो. मग त्या वस्तीच्या गटाराचा खर्च त्याच वस्तीने सोसावा, हे न्यायाचे नाही आणि व्यवहाराचेही नाही. स्थानिक स्वायत्तता आणि महानगराचा सामाईक निधी या दोहोंची सांगड घातल्यावाचून सार्वजनिक आरोग्याचा गाडा चालत नाही, हा लंडनच्या अनुभवाचा एक निष्कर्ष आहे.

हवेला सीमा नसते

तथापि बरोच्या सामर्थ्याला मर्यादाही होत्या. फिन्सबरीच्या केंद्रात मुलांना कृत्रिम सूर्यप्रकाश द्यावा लागे, याचे एक कारण खराखुरा सूर्यप्रकाश कोळशाच्या धुराने अडविलेला असे. हा धूर कोणत्याही एका बरोचा नव्हता. घरोघरच्या शेगड्या, कारखाने आणि वीजकेंद्रे यांचा तो एकत्रित परिणाम होता.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुराचे आणि धुक्याचे दाट आच्छादन बसले. त्याचे सुमारे ४ हजार बळी गेल्याचा अंदाज त्या काळी करण्यात आला. पुढच्या संशोधकांनी नंतरच्या आठवड्यांतील जादा मृत्यू धरून हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. या घटनेची आर्थिक पार्श्वभूमी विसरता येत नाही. युद्धोत्तर ब्रिटन परकीय चलनासाठी चांगला कोळसा निर्यात करीत होते आणि घरगुती शेगड्यांसाठी धूळमिश्रित, हलक्या प्रतीचा कोळसा त्याच डिसेंबरच्या आरंभी शिधापत्रिकेच्या बंधनातून मुक्त करण्यात आला होता. व्यापारतोल सुधारण्याच्या प्रयत्नाची एक किंमत लंडनकरांच्या फुप्फुसांनी मोजली.

सरकारने प्रारंभी हालचाल केली नाही. सर ह्यू बीव्हर यांची समिती नेमण्यास जुलै १९५३ उजाडले. या समितीने प्रदूषणामुळे होणारी राष्ट्राची हानी दरसाल २५ कोटी पौंड असल्याचा अंदाज मांडला आणि स्वच्छ हवेचा प्रश्न दयाबुद्धीतून काढून हिशेबाच्या वहीत आणला. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने स्थानिक संस्थांना धूरबंदी क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. घरमालकाने शेगडी बदलली तर मान्य खर्चाच्या दहापैकी चार वाटे मध्यवर्ती सरकारने, तीन वाटे स्थानिक संस्थेने आणि उरलेले तीन वाटे त्याने स्वतः सोसावयाचे, अशी विभागणी ठरली. केवळ बंदी घालून गरिबाची चूल बदलत नाही. चूल बदलण्याचा खर्चही वाटून घ्यावा लागतो, हे या कायद्याने ओळखले. तो यशस्वी होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

श्रेय कोणाचे?

या सर्व खटाटोपाचे फळ काय? इंग्लंड आणि वेल्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी दर हजार जन्मांमागे सुमारे १५० अर्भके वर्षाच्या आत मरत असत. १९३८ पर्यंत हे प्रमाण ५३ च्या आसपास आणि १९५० मध्ये ३० च्या आसपास आले. ब्रिटनमध्ये १९४० साली घटसर्पाचे साठ हजारांवर रुग्ण आणि तीन हजारांवर मृत्यू नोंदले गेले होते. स्थानिक आरोग्य विभागांनी राबविलेल्या लसीकरणानंतर १९५७ मध्ये रुग्णांची संख्या चाळिशीच्या आत आणि मृत्यूंची संख्या ६ वर आली.

अर्थात या यशाचे श्रेय कोणाला द्यावयाचे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. थॉमस मॅकिऑन यांनी १९७० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, मृत्युदरातील घट वैद्यकापेक्षा मुख्यतः सुधारलेल्या आहारामुळे आणि राहणीमानामुळे झाली. या मताचा सोयीस्कर अर्थ असा काढता येतो की, राष्ट्रीय उत्पन्न वाढू द्या, आरोग्य आपोआप सुधारेल. सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये त्याला आक्षेप घेतला. उत्पन्न वाढत असतानाच औद्योगिक शहरांतील आयुर्मान खालावले होते आणि स्थानिक संस्थांनी पाणी, गटारे व घरे यांवर खर्च केल्यावरच ते सुधारले, असे त्यांचे म्हणणे. वाढलेल्या संपत्तीचे आरोग्यात रूपांतर आपसूक होत नाही. मधे परिषद, कर, अधिकारी आणि निरीक्षक लागतात.

फिन्सबरीच्या बाबतीतही प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. १९५१ पर्यंत या बरोची लोकसंख्या पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे दोन दशकांत निम्मी झाली होती. बाँबहल्ले, स्थलांतर आणि उपनगरांकडे गेलेली कुटुंबे यांमुळे दाटी कमी झाली. तिचे सारे श्रेय परिषदेला देता येणार नाही. परंतु उरलेल्यांसाठी काय बांधावयाचे, हे परिषदेनेच ठरविले. स्पा ग्रीन वसाहतीचा कोनशिला समारंभ १९४६ मध्ये आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या हस्ते झाला. प्रत्येक घरात न्हाणीघर आणि कचरा घरातूनच वाहून नेण्याची सोय तेथे होती. १९५१ च्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्समधील एक-तृतीयांशाहून अधिक कुटुंबांच्या घरी न्हाणीचा टब नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या सोयीचे महत्त्व पटते. त्या काळी गृहनिर्माण हे खाते आरोग्यमंत्र्यांकडेच होते, ही बाबही अर्थपूर्ण आहे.

१९४८ ची विभागणी

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आजारी माणसाच्या खिशाकडे न पाहता त्याला उपचार देण्याची ही व्यवस्था विसाव्या शतकातील मोठ्या सामाजिक सुधारणांपैकी एक होय, याविषयी दुमत नाही. परंतु तिच्या रचनेत एक तडा राहून गेला. रुग्णालये प्रादेशिक मंडळांकडे गेली. लंडनमध्ये माता-बालसंगोपन आणि लसीकरण यांसारख्या सेवा बरोंकडून काढून काउंटी कौन्सिलकडे देण्यात आल्या. बरोच्या आरोग्याधिकाऱ्याकडे गटारे, घरे, अन्नतपासणी आणि उपद्रव एवढेच उरले. एकाच मुलाचा खोकला एका संस्थेकडे आणि त्याच्या खोलीतील ओल दुसऱ्या संस्थेकडे, अशी ही विभागणी झाली. ज्या एकत्रीकरणासाठी फिन्सबरीने इमारत उभारली, त्याच्याच विरुद्ध दिशेने प्रशासन गेले. नव्या कायद्याने आरोग्यकेंद्रे बांधण्याची तरतूद केली होती खरी. पण पुढील दोन दशकांत फारच थोडी केंद्रे उभी राहिली.

पुढचा प्रवास त्याच दिशेचा आहे. १९६५ मध्ये फिन्सबरी बरो शेजारच्या इस्लिंग्टनमध्ये विलीन झाली. १९७४ च्या पुनर्रचनेत आरोग्याधिकारी हे पदच रद्द झाले. जवळजवळ चार दशकांनी, एप्रिल २०१३ मध्ये, इंग्लंडने सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी पुन्हा स्थानिक संस्थांकडे सोपविली. पण २०१५ नंतर त्यासाठीचे अनुदान वास्तव किमतीत घटत गेले. जबाबदारी खाली द्यावयाची आणि पैसा वर ठेवावयाचा, हा मोह कोणत्याही एका देशाचा नाही. पाइन स्ट्रीटवरची ती इमारतही विकून टाकण्याचा प्रस्ताव मधल्या काळात पुढे आला आणि स्थानिक नागरिकांनी त्यास विरोध केला.

आपल्यासाठी अर्थ

या कथेचा एक धागा थेट भारताशी जोडलेला आहे. १९४८ मध्ये डॉ. कटियाल स्वदेशी परतले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे पहिले महासंचालक झाले. मुंबईच्या गिरण्यांपासून पुणे-पिंपरीच्या कारखान्यांपर्यंत ज्या योजनेचे दवाखाने कामगारांच्या परिचयाचे झाले, तिच्या आरंभाशी फिन्सबरीचा हा महापौर होता. परंतु येथेही तीच विभागणी दिसते. कामगाराला आजारपणाचा विमा मिळाला. त्याच्या चाळीतील नळ, मोरी आणि संडास मात्र त्या योजनेच्या कक्षेबाहेर राहिले. ते काम महापालिकेचे, आणि महापालिकेपाशी त्यासाठी पुरेसा पैसा, माणसे आणि इच्छा असेलच असे नाही.

मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा ब्रिटिश नगरशासनाच्या परंपरेतूनच आला. आरोग्याधिकारी, नोटिसा, उपद्रव ही शब्दावलीही तिथलीच. शब्द आले, पण त्यामागील हमी तेवढ्याच बळकटपणे आल्या काय, हे तपासले पाहिजे. आपल्या शहरांत आरोग्याधिकाऱ्याला वस्तीनिहाय मृत्यूंचा, रोगांचा आणि तपासलेल्या घरांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो काय, आणि तो सामान्य नागरिकाच्या हाती पडतो काय? त्याने एखाद्या प्रबळ बांधकाम व्यावसायिकाविरुद्ध किंवा पाणीपुरवठा खात्याविरुद्ध लिहिले, तर त्याचे पद सुरक्षित राहील काय? जकात गेली, तिच्यामागून आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि १ जुलै २०१७ पासून मुंबईची जकातही संपली. त्यानंतर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहणाऱ्या महापालिका मलनिस्सारणाची दीर्घ मुदतीची आखणी कशी करणार? आणि २०२२ नंतर मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला, त्या काळात आरोग्य समितीत बसून प्रश्न विचारणारा कटियाल कोठून येणार होता?

हे प्रश्न केवळ अधिकाऱ्यांचे नाहीत. फिन्सबरीची संपत्ती थोडी होती, घरे जुनी होती आणि जागा एक चौरस मैलाहून कमी होती. तरीही चार गोष्टी तेथे एकत्र आल्या: वस्तीची खरी माहिती गोळा करून छापणारा सुरक्षित अधिकारी, सांगितलेले न ऐकणाऱ्या मालकाला कोर्टात खेचणारा कायदा, श्रीमंत आणि गरीब विभागांत वाटला जाणारा खर्च, आणि आरोग्य हेच आपल्या निवडणुकीचे कारण मानणारे लोकप्रतिनिधी. यांपैकी एकही गोष्ट परदेशी तंत्रज्ञानावर किंवा अफाट भांडवलावर अवलंबून नाही.

रुग्णालयाचे उद्घाटन करता येते, त्याची छायाचित्रे छापून येतात. न झालेल्या कॉलऱ्याचे उद्घाटन कोणी करू शकत नाही. म्हणूनच प्रतिबंधक कामाला राजकारणात वाली मिळणे कठीण असते आणि म्हणूनच त्याची सक्ती कायद्याने आणि हिशेबाने करावी लागते. त्याची सुरुवात करावयाची तर ती फार लहानशा मागणीपासून करता येईल. प्रत्येक महापालिकेच्या आणि नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याने आपल्या शहराचा वार्षिक आरोग्य अहवाल, प्रभागवार आकड्यांसह, मराठीत प्रसिद्ध करावा आणि सभागृहाने त्यावर चर्चा केल्याखेरीज अंदाजपत्रक मंजूर करू नये. कोणत्या प्रभागात किती मुले मेली आणि त्याच प्रभागात गटारांवर किती रुपये खर्च झाले, हे दोन आकडे एका पानावर शेजारी शेजारी छापले गेले, तर पुढचा प्रश्न नागरिक आपण होऊन विचारतील.